डाग आणि डोळा

दर्यापूरच्या एका घरात मुलगी जन्मली. उजव्या डोळ्याभोवती, कपाळापासून गालापर्यंत निळसर-राखाडी डाग. आजीने त्याच दिवशी निकाल दिला, "ग्रहनात भाजी चिरली हिनं, म्हून लेकराले डाग पडला." भिंतीवर गाडगेबाबांची तसबीर होती, बाबांचे शेंडगाव शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातले. तसबिरीला रोज हार चढे आणि सुनेला रोज बोल लागे.

पोर वयात आली तसा डाग गडद झाला. आईने पावडर आणली, आत्याने उटणे, शेजारणीने अंबादेवीचा अंगारा. पुढे अमरावतीला कॉलेजात असताना तिचे डोके दुखू लागले, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. घरचे उत्तर ठरलेले, "मोबाइल पाहू नोको."

लग्नाची बोलणी निघाली तेव्हा मामाने तिला अकोल्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. आई आणि आजीही सोबत गेल्या.

"डॉक्टरसाहेब, लेझरनं डाग जाईन ना?" आजीने विचारले.

"बराच फिका होईल, त्याला पुष्कळ बैठका लागतील. पण आधी सांगा, हिचा डोळा कोणी तपासलाय?"

कोणीच बोलेना. डॉक्टरांनी पापणी वर करून दाखवली. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही राखाडी छटा होती.

"याला नीव्हस ऑफ ओटा म्हणतात. 1939 साली जपानच्या डॉ. मासाओ ओटांनी याचे वर्णन केले. बाळ पोटात असतानाच रंग तयार करणाऱ्या पेशी कातडीच्या खोल थरात अडकून राहतात. यात ना ग्रहणाचा दोष, ना आईचा. तशाच पेशी डोळ्यात असू शकतात, मेंदूच्या आवरणातही असू शकतात. अशा दहा रुग्णांपैकी सुमारे एकाच्या डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो. क्वचित डोळ्यात, आणि त्याहून क्वचित मेंदूत, मेलॅनोमा हा कर्करोग होतो. तो इतका विरळा की भिऊन जगायचे कारण नाही. पण इतका घातक की तपासणी टाळायची नाही."

तपासण्या झाल्या. मेंदूच्या एमआरआयमध्ये काही निघाले नाही, पण डोळ्याचा दाब वाढलेला होता. थेंब सुरू झाले आणि नजर वाचली. नियमित तपासणी अमरावतीला करायचे ठरले.

परतताना आजी सुनेला म्हणाली, "माह्यं चुकलं व माय. उगाच तुले बोल लावला."

सून म्हणाली, "मले बोल लावला त्याचं काही नाही, आत्याबाई. पन डाग साऱ्या गावानं पाह्यला. पोरीले काय होते, हे आपल्यापैकी कोनीच नीट इचारलं नाही."

तात्पर्य : दोष कोणाचा, हे ठरवण्यात वर्षे जातात, दुखते कुठे, हे विचारायला क्षण पुरतो. ते आधी विचारावे.