आडवा बांबू

नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी कारीट फोडलं आणि दरवर्षीप्रमाणे घरोघर पोहे खायला निघाले. गूळपोहे, दहीपोहे, फोडणीचे पोहे. सरपंच असल्यावर एकही घर चुकवून चालत नाही. यंदा वरच्या वाडीतल्या एका अंगणात मात्र पाय अडखळले. त्या घरच्या माणसाला मे महिन्यात वेशीवर तासन् तास ताटकळत ठेवलं होतं, आणि मी तिथंच उभी होते.

राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. गावापेक्षा गावची माणसं मुंबईत जास्त. २५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, कोरोनामुळे देश बंद झाला आणि आठवड्याभरात पोरांनी रस्त्यावर बांबू आडवे टाकले. पाटी लागली : ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद. ग्रामपंचायतीच्या आदेशावरून.’ असा आदेश मी काढलाच नव्हता. पण पाटी उतरवायलाही सांगितलं नाही, तेव्हा तो माझाच झाला.

साथरोग कायदा १८९७ चा, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यांच्या आधारे निघणारे हुकूम सरकारचे आणि जिल्हाधिकाऱ्यांचे. गावानं आपल्या मर्जीनं रस्ता अडवावा, असं दोन्हींत कुठं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. ग्रामसभा भरत नव्हती, आणि पाराशी जमलेली दहा-बारा माणसं म्हणतील तोच गावचा निर्णय ठरत होता. त्यांच्याशी वाईटपणा घ्यायची माझी तयारी नव्हती, इतकीच गोष्ट आहे.

वरच्या वाडीतला तो माणूस आला तेव्हा दुपार होती. भाड्याची गाडी, बायको, दोन पोरं, हातात ई-पास. तालुक्याला फोन, पोलीस पाटलांना निरोप, परत फोन, असं करता करता दिवेलागण झाली. तो भांडला नाही. एकदाच म्हणाला, “वहिनी, घर दिसतंय हो इथनं. आईनं पडवीत दिवा लावलाय.” मी त्याला नियम सांगितला. कुठला, ते आता आठवत नाही.

रात्री त्यांना चौदा दिवसांच्या विलगीकरणासाठी शाळेत ठेवलं. दोन खोल्यांत अकरा माणसं, संडास एक, टाकी सकाळी दहालाच कोरडी. घरचे डबा पायरीवर ठेवून मागे सरायचे, मग आतला माणूस येऊन उचलायचा. ज्यांच्या काजूच्या बागेत मांगर होता ते तिकडे राहिले; तिथं निदान वारा होता. आशाताई रोज ताप बघायला यायची, तोंडाला घरीच शिवलेला मास्क. त्या चौदा दिवसांचं समर्थन मी आजही करते. गावात म्हातारी माणसं जास्त आणि मोठं इस्पितळ रत्नागिरीला. भीती काही खोटी नव्हती. पण माणसाला वेगळं ठेवायचं तर त्याची नीट सोय करावी लागते. बांबूला काहीच करावं लागत नाही. आम्ही सोपं काम आधी केलं आणि अवघड काम कसंबसं उरकलं.

माझे सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर रिकाम्या हातांनी परतले, तसे गावात बरेच जण परतले. त्या वेळी भात पुरेल का, ही चिंता घरोघर होती, पण वेशीवर कोणी उभं नव्हतं. यावर लगेच कोणी म्हणेल की संप संसर्गजन्य नसतो. खरं आहे. पण पाराजवळ मी जे ऐकलं त्यात संसर्गाचं बोलणं थोडं आणि जुना हिशेबच जास्त होता : जमिनीचा, सामाईक घराचा, शिमग्याच्या मानपानाचा.

ऑगस्टमध्ये सरकारनं गणपतीला येणाऱ्यांसाठी विलगीकरण दहा दिवसांवर आणलं आणि १२ तारखेच्या आत पोचायला सांगितलं. कोरोनासाठी नेमलेल्या आमच्या ग्राम कृती दलाला चौदाच हवे होते. त्याच बैठकीत, त्याच तोंडांनी, देवळाच्या छपरासाठी मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाकडून यंदा किती वर्गणी येईल याचीही चर्चा झाली. मला हसू आलं, आणि अध्यक्ष मीच असल्यामुळे ते दाबावं लागलं.

दिवाळीच्या पाडव्याला देवळं पुन्हा उघडली. येत्या ग्रामसभेसाठी मी एक ठराव लिहून घेतलाय : यापुढे कसल्याही संकटात ग्रामसभेला विचारल्याशिवाय गावचा रस्ता अडवला जाणार नाही, शाळेत आणखी दोन संडास आणि मोठी टाकी होईल, आणि या वर्षी रस्ता अडवला ती चूक होती, अशी इतिवृत्तात नोंद राहील. पहिल्या दोन कलमांना कोणाचा विरोध नाही. तिसरं गाळा, असं ग्रामसेवकांसकट सगळे सांगतात. वर्ष वाईट होतं, झालं गेलं कशाला उकरायचं?

वरच्या वाडीत पोहे मिळाले. त्याच्या आईनं दिले, वर ओलं खोबरंही घातलं. तो स्वतः सप्टेंबरातच मुंबईला परत गेला होता.

अध्यक्षानं सूचक होऊ नये असा संकेत आहे, तरी ठरावाखाली मी माझंच नाव घातलंय. अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.