झोपलेल्या माणसाचा फोटो

इन्स्टाग्रामवर मुंबईचे स्ट्रीट फोटो बघत बसलं की पाच-दहा मिनिटांत एक फोटो हमखास येतो. झोपलेला माणूस. क्रॉफर्ड मार्केटजवळ स्वतःच्याच हातगाडीवर आडवा झालेला हमाल, खिडकीतून पाय बाहेर काढून झोपलेला टॅक्सीवाला, कर्जत लोकलमध्ये शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडलेला कुणी. फोटो बहुतेकदा चांगला असतो. खाली कॅप्शन, ‘कधीही न झोपणारं शहर’. त्याखाली भरपूर बदाम.

मीही रस्त्यावर फोटो काढते, बहुतेक फोनवरच. न विचारता काढते, कारण विचारलं की समोरचा माणूस ताठ उभा राहतो, केसांवरून हात फिरवतो आणि जे टिपायचं होतं ते संपलेलं असतं. पण झोपलेल्या माणसापाशी माझा हात थांबतो. हा नुसता हळवेपणा आहे की त्यामागे काही कारण आहे, हे मला स्वतःलाच नीट सांगता यायला हवं.

न विचारता फोटो काढण्याची परंपरा मोठी आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या 1952 च्या पुस्तकाचं इंग्रजी नाव ‘द डिसायसिव्ह मोमेंट’, म्हणजे निर्णायक क्षण. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ मात्र घाईघाईत, गुपचूप टिपलेली चित्रं असा काहीसा होतो. कॅमेरा चमकून लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून तो त्यावर काळी टेप लावायचा. गंमत म्हणजे स्वतःचा फोटो काढलेला त्याला अजिबात खपायचा नाही. 1975 मध्ये ऑक्सफर्डने मानद पदवी दिली तेव्हा त्याने कागद चेहऱ्यासमोर धरला होता.

याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मला त्यात वेगळं काही दिसतं. त्याला चेहरा झाकता आला. रस्त्यावरच्या जाग्या माणसाकडे एवढं तरी असतं. तो तोंड फिरवू शकतो, कपाळाला आठ्या घालू शकतो, ‘ओ मॅडम, काय चाललंय?’ म्हणू शकतो, डिलीट करायला लावू शकतो. किंवा हसू शकतो. रस्त्यावर संमतीचा फॉर्म कुणी भरून घेत नाही, पण दोन सेकंदांची ही देवाणघेवाण तिथे असते. झोपलेल्या माणसाच्या बाबतीत ती पूर्णपणे गायब होते.

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘रस्त्यात झोपलाय ना? सार्वजनिक जागा आहे.’ कायद्यापुरतं बोलायचं तर 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. केवळ सार्वजनिक ठिकाणी आहे म्हणून माणसाचा खासगीपणा संपत नाही, तो जागेला नव्हे तर माणसाला जोडलेला असतो, असंही त्यात म्हटलं आहे. फोटो काढावा की नाही, हे काही त्या निकालाने सांगितलेलं नाही. पण ‘सार्वजनिक जागा’ म्हटलं की वाद मिटतो, असं आता म्हणता येत नाही.

आणि मुंबईत सार्वजनिक म्हणजे काय, हे शेवटी घराच्या आकारावर ठरतं. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. गिरणगावात एकेका खोलीत इतकी माणसं राहायची की पाळीप्रमाणे झोपायची, उरलेली व्हरांड्यात आणि फुटपाथवर. आजही ज्याच्याकडे दोन बेडरूम आहेत, त्याची झोप, आंघोळ, नवरा-बायकोचं भांडण, सगळं दाराआड होतं. ज्याच्याकडे दार नाही, त्याचं हेच सगळं रस्त्यावर होतं. मग ‘रस्त्यावरचं काहीही टिपायला मोकळीक’ हा नियम दिसायला सर्वांना सारखा असला, तरी त्यातून दिसतात ती एकाच प्रकारची माणसं. पाली हिलवरच्या एसीत घोरणारा माणूस कुणाच्याही फीडमध्ये येत नाही.

याची दुसरी बाजू मला नाकारता येत नाही. फोटोच नसते, तर या माणसांचे कष्टही आठवणीतून पुसले गेले असते. लोअर परळच्या फिनिक्समध्ये शॉपिंग करताना तिथे गिरणी होती हे आपल्याला कळतं, ते बरंचसं जुन्या फोटोंमुळेच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रस्त्याकडेला थकून झोपलेल्या मजुरांचे फोटो आले नसते, तर घरात बसलेल्यांना त्याचा पत्ताच लागला नसता. तेव्हा झोपलेला चेहरा कधीच टिपू नये, असा नियम मी करू शकत नाही.

पण त्याच वर्षी 8 मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली गेले. त्या घटनेचा देशभर लक्षात राहिलेला फोटो रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या-पोळ्यांचा होता. त्यात चेहरा नव्हता. साक्ष द्यायला दर वेळी चेहरा लागतोच असं नाही. रघू राय यांचा 1995 मधला चर्चगेट स्टेशनचा फोटो पाहा. शटर मंद ठेवल्यामुळे गर्दीचं धुकं झालंय आणि पेपर वाचत थांबलेली काही माणसं तेवढी स्थिर. मुंबईची घाई त्यात पुरेपूर आहे, आणि कुणाचं काही हिरावून घेतलेलं नाही.

एक फरक आपल्या काळाचाही आहे. वॉकर इव्हान्सने 1938 ते 1941 या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवाशांचे फोटो काढले. पुस्तक आलं 1966 मध्ये, पंचवीस वर्षं थांबून. आपण पंचवीस सेकंदही थांबत नाही. आणि आता हातगाडीवरच्या हमालाकडेही स्मार्टफोन आहे, त्याच्या गावाकडच्या मेहुण्याकडेही. ‘मुंबईत चांगल्या कामाला आहे’ एवढंच त्याने घरी सांगितलं असेल. तोंड उघडं टाकून झोपलेला त्याचा चेहरा एखाद्या रीलमधून फॅमिली ग्रुपवर पोचला, तर त्याने घरी सांगितलेली स्वतःची गोष्ट आपण परस्पर मोडली. आपल्याला त्यातून काय मिळालं? थोडे बदाम.

म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे. जाग्या माणसाचा फोटो आधी काढायचा, मग स्क्रीन दाखवायची. नको म्हणाला तर त्याच्यासमोर डिलीट. झोपलेला असेल तर चेहरा नाही. पायातल्या चपला, उशाला घेतलेली पिशवी, हातगाडीखालची सावली चालेल. आणि चेहऱ्याशिवाय जे सांगताच येणार नाही, असं काही खरंच घडत असेल, तर टिपेन. पण तेव्हा कॅप्शनमध्ये कविता नको. कुठे, कधी आणि हा माणूस इथे का झोपलाय, एवढं कळलं पाहिजे.

यात चांगले फोटो हातचे जातात. लेडीज डब्यात रात्री साडेदहानंतर जवळपास प्रत्येक चेहऱ्यावर एक फोटो असतो. भाजी निवडता निवडता डोळा लागलेल्या बायका, मांडीवर तशीच उघडी मेथीची जुडी. मी फोन पर्समध्ये ठेवते. या डब्यात त्या निर्धास्त झोपू शकतात, कारण बाजूला बसलेली कुणीतरी ‘ताई, ठाणं आलं’ म्हणून उठवणार, हे त्यांना माहीत असतं. ती बाजूची बहुतेक वेळा मीच असते.