सभा तहकूब झाली की

भंडारदरा धरण १५ ऑगस्टच्या सुमारास भरावं, ही प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याची जुनी अपेक्षा. धरण भरलं की वर्तमानपत्रांत सांडव्याचे फोटो येतात, शेंडी-रतनवाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दिवाळी जवळ आली की खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर आणि थेट पैठणपर्यंत आवाज चढू लागतात. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेल्या या धरणात ११ टीएमसी पाणी मावतं. त्या पाण्यावर साखर कारखाने उभे राहिले, सहकार उभा राहिला, राजकीय घराणी उभी राहिली. त्यामुळे आवर्तन किती दिवसांचं, आधी टेलला पाणी की हेडला, पैठणच्या जायकवाडी धरणाला किती सोडायचं, असले प्रश्न शांत आवाजात विचारले जातील ही अपेक्षाच चुकीची आहे. ज्याच्या उसाला शेवटचं पाणी मिळालं नाही तो सभेत उभा राहून ‘अध्यक्ष महोदय, माझी नम्र सूचना आहे’ असं म्हणत नाही.

हे आधी सांगितलं कारण सभेतल्या भाषेची चिंता करणाऱ्यांना, आणि ती करणाऱ्यांत मीही आहे, एक सवय लागते. चढलेला आवाज हाच रोग समजायची. मग उपाय सोपा होतो: विषयच नको. सलूनमध्ये, चहाच्या हॉटेलात ‘येथे राजकीय चर्चा करू नये’ अशी पाटी असते. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचा नियमही तोच. सुप्रभात चालेल, देवाचे फोटो चालतील, दशक्रियेची वेळ चालेल, राजकारण नको. गंमत अशी, की आमदारांच्या वाढदिवसाचा बॅनर त्या गटात बिनदिक्कत येतो. ते राजकारण नसतं. ‘चारीला पाणी का आलं नाही’ असं कुणी विचारलं की मात्र अ‍ॅडमिन जागा होतो आणि हात जोडलेली चित्रं पाठवू लागतो. ‘राजकारण नको’ हा नियम तटस्थ दिसतो, पण ज्याच्या शेतात पाणी आधीच पोचलंय त्याच्या बाजूनं तो झुकलेला असतो.

विषय बंद करण्याचा दुसरा मार्ग जास्त कायदेशीर आहे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली तर तिला ती लागत नाही. पेसा क्षेत्रातले, म्हणजे आदिवासी भागातले, नियम वेगळे आहेत आणि भंडारदरा ज्यात आहे त्या अकोले तालुक्याचा बराच भाग त्यात येतो. बाकी महाराष्ट्रात मात्र ही वाट गावपुढाऱ्यांना पाठ आहे. खरी सभा तापणार असं दिसलं की ती भरूच द्यायची नाही. कधी भरलीच, तर एखादा भडक डोक्याचा माणूस शोधावा लागत नाही, तो असतोच. त्याला एक टोमणा मारायचा, तो शिव्या देतो, खुर्च्या सरकतात, बायका उठून जातात, लोक पांगतात. पुढल्या वेळी मोजकी डोकी बसतात आणि ठराव मुकाट मंजूर होतात. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ हा शब्द येतो. शिव्या देणारा माणूस सत्तेला अडचणीचा असतो असं आपण धरून चालतो. पुष्कळदा तो तिच्या फार उपयोगी पडतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: विषय चालू राहावा म्हणून माणसाला आवरायचं. माणूस आवरत नाही म्हणून विषय गुंडाळायचा नाही, आणि विषय नकोसा आहे म्हणून माणसाला हाकलायचं तर मुळीच नाही. बोलायला हे सोपं आहे. महाराष्ट्राचा इतिहास पाहिला तर भल्याभल्यांना ते जमलेलं नाही.

१८९५ साली काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरलं. काँग्रेस आटोपल्यावर त्याच मांडवात न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद भरवायची रीत होती. बालविवाह, विधवाविवाह असले विषय तिथे निघत. टिळकपक्षानं विरोध केला, मांडव जाळण्याच्या धमक्या आल्या, आणि रानड्यांनी माघार घेऊन परिषद दुसरीकडे भरवली. कारण काय दिलं गेलं? सामाजिक प्रश्नांनी फूट पडते, राजकीय एकजूट हवी. म्हणजे ‘येथे सामाजिक चर्चा करू नये’. बारा वर्षांनी, २७ डिसेंबर १९०७ ला सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात, चित्र नेमकं उलटं झालं. टिळकांनी बोलू देण्याविषयी आधीच चिठ्ठी पाठवली होती. नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष यांनी त्यांना बोलू दिलं नाही. टिळक हाताची घडी घालून व्यासपीठावर उभे राहिले. मग एक जोडा भिरभिरत आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला, आणि अधिवेशन मोडलं.

जोडा फेकणाऱ्याचं समर्थन करायचं कारण नाही. त्याला मांडवाबाहेर काढायलाच हवं होतं. पण पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. टिळकांच्या विरोधातल्या नेमस्तांनी वेगळी बैठक घेतली आणि काँग्रेसमध्ये राहायचं तर अमुक ध्येयधोरण मान्य करा, अशी अट घातली. दंगा एका दुपारचा होता. त्याची शिक्षा एका मताला झाली, आणि ती १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत टिकली. मधल्या नऊ वर्षांतली सहा टिळकांनी मंडालेच्या शिक्षेत काढली आणि नेमस्तांची काँग्रेस निस्तेज होत गेली. १८९५ साली ज्यांनी दुसऱ्याचा विषय मांडवाबाहेर घालवला, त्यांचाच विषय १९०७ साली बाहेर गेला. याला काव्यगत न्याय म्हणून टाळी वाजवण्याचा मोह होतो. पण दोन्ही वेळा नुकसान सभेचं झालं.

अगदी अलीकडचा दाखला मुंबईच्या विधानभवनातला आहे. ५ जुलै २०२१. अधिवेशन अवघं दोन दिवसांचं, विधानसभेला पूर्णवेळ अध्यक्ष नाही, खुर्चीवर तालिका अध्यक्ष भास्कर जाधव. विषय ओबीसी आरक्षणाचा. सभागृहात गदारोळ झाला. मग अध्यक्षांच्या दालनात आपल्याला शिवीगाळ झाली, असं जाधवांनी सांगितलं. विरोधकांनी ते नाकारलं. संसदीय कार्यमंत्री अनिल परब यांनी ठराव मांडला आणि भाजपचे बारा आमदार आवाजी मतदानानं एका वर्षासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो ठराव रद्द केला.

निकालाचं तर्कशास्त्र गावच्या सभेलाही उपयोगी आहे. न्यायालयानं असं म्हटलं नाही की शिवीगाळ माफ आहे. सभागृहाला शिस्त लावायचा अधिकार नाही, असंही म्हटलं नाही. विधानसभेच्या नियमांतच पायऱ्या आहेत: आधी त्या दिवसापुरतं बाहेर, पुन्हा तसंच वागला तर उरलेल्या अधिवेशनापुरतं. या अधिकाराचा हेतू कामकाज सुरळीत चालावं एवढाच, म्हणून त्याची मुदतही त्या अधिवेशनापलीकडे जाऊ शकत नाही. एक वर्षाचं निलंबन हे बडतर्फीहून वाईट, कारण आमदार बडतर्फ झाला तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबित आमदाराची जागा भरलेली असते, पण तिथून कुणी बोलत नाही. शिक्षा आमदाराला, मुकेपण मतदारसंघाला.

या कसोटीवर आपापले अध्यक्ष, सरपंच, अ‍ॅडमिन तपासून पाहावेत. बहुतेक ठिकाणी पायऱ्या नसतात. एक तर सगळं चालतं, नाही तर माणूस कायमचा बाद. आणि काढणारा बहुधा त्याच भांडणातला एक पक्ष असतो. लाभक्षेत्रात कालवा सल्लागार समितीच्या अध्यक्षपदी पालकमंत्री असतात. पाणी कुठल्या तालुक्याला आधी, या प्रश्नात मंत्र्याचा स्वतःचा मतदारसंघ असू शकतो. अशा खुर्चीनं एखाद्याला ‘खाली बसा’ म्हटलं तर ते शिस्तीसाठी म्हटलं की हिशोबासाठी, हे खाली बसणाऱ्याला कसं कळावं? न्यायाधीश आपल्या नातलगाचा खटला चालवत नाही. सभेच्या अध्यक्षालाही निदान त्या एका विषयापुरती खुर्ची सोडता आली पाहिजे. आपल्याकडे खुर्ची सोडणं हा पराभव समजतात, ही खरी अडचण.

आता उलट बाजू. आवरायचं तर कुणाला आणि कशावरून? गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटात २०१६ साली एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल अश्लील मजकूर टाकला. अ‍ॅडमिननं ना त्याला काढलं, ना माफी मागायला लावली. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. अ‍ॅडमिनला सदस्य घेता येतो, काढता येतो, एवढंच. दुसऱ्यानं काय लिहावं यावर त्याचा ताबा नाही. समान हेतू दिसत नसेल तर त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. कायदा म्हणून निकाल योग्यच आहे. नाही तर प्रत्येक अ‍ॅडमिन भीतीपोटी कुलूप लावून बसेल. पण फौजदारी जबाबदारी नाही म्हणजे कुठलीच जबाबदारी नाही, असा अर्थ लोकांनी काढला. त्या बाईचं काय झालं, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हता. तो गटापुढे होता. अशा जागेतून शिवी देणारा क्वचितच जातो; जिला शिवी दिली ती जाते, आणि तिच्यापाठोपाठ न बोलता आणखी चार जणी. सगळ्यांना बोलू द्या म्हणून गप्प बसणारा अध्यक्ष कुणाला गप्प करतो, हे त्याला दिसतच नाही, कारण निघून गेलेली माणसं तक्रार करत नाहीत. सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आली, ती काही उगाच नाही.

म्हणून मी रागाची शिवी आणि जागा हिरावणारी शिवी यांत फरक करतो. ‘पाणी खाल्लं, चोर आहात सगळे’ हे असभ्य आहे, कदाचित खोटंही आहे, पण ते निर्णयाबद्दल आहे. त्याला उत्तर देता येतं: हा घ्या पाण्याचा हिशोब. ‘तुला काय कळतं, तू अमक्या जातीचा’ किंवा ‘बाईनं मध्ये बोलू नये’ यात निर्णयाबद्दल काहीच नाही. समोरच्यानं सभेत असूच नये, एवढंच त्यात आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा सर्वांसमक्ष जातीवरून केलेल्या अपमानाला गुन्हा मानतो, साध्या भांडणाला मानत नाही. पहिल्या माणसाला आवाज खाली करायला सांगावं आणि उत्तर द्यावं. दुसऱ्याला त्या सभेपुरतं बाहेर काढावं, त्याचं म्हणणं पूर्ण होण्याची वाट न पाहता. आपण बहुधा उलटं करतो. टेलचा शेतकरी ओरडला की पोलीस बोलावतो. गोड आवाजात जात काढणाऱ्याला ‘जुन्या वळणाचे आहेत दादा’ म्हणून सोडून देतो.

तापमानावरून धोका ओळखता येत नाही, याचा सगळ्यात भयंकर पुरावा धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यानं दिला. १ जुलै २०१८ ला तिथे मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अफवा फोनवरून फिरत होत्या. त्यात राजकारण नव्हतं, शिवी नव्हती, वाद तर नव्हताच. उलट ‘काळजी घ्या’ अशा सुरात त्या येत. त्यावर कुठे कडाक्याचं भांडण झालं असतं, कुणी उद्धटपणे ‘खोटं आहे हे, कुठलं पोर पळवलं सांग’ असं विचारलं असतं, तर कदाचित काही फरक पडला असता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती मर्यादा वेगावर होती, मतावर नव्हती, म्हणून मला ती शहाणपणाची वाटते.

मताला हात न लावता मापावर नियम घालायचा, असं काहीसं पाण्याच्या भांडणातही घडलेलं आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं, आणि पुढे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं सूत्र ठरलं. २०२३ साली त्यानुसार ८.६०३ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला; त्यात भंडारदरा-निळवंडेचा वाटा ३.३६ टीएमसी. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, दोन्हीकडून नको ते बोललं गेलं. तरीही आता शिवी द्यायची तर आकड्याला द्यावी लागते. ६५ टक्के चूक आहेत, बाष्पीभवन धरलं नाही, मृतसाठा मोजला नाही. नगर आणि मराठवाडा एकमेकांचे शत्रू आहेत असं ओरडण्यापेक्षा हे ओरडणं बरं, कारण त्याला कागदानं उत्तर देता येतं. भाषा सुधारली असं मी म्हणणार नाही. भांडण मात्र मोजता येईल अशा जागी आलं.

या सगळ्या मोजणीत एक पक्ष नाही. भंडारदरा धरणाजवळच्या घाटघरला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. धरण ज्या पावसानं भरतं तो याच डोंगरांवर पडतो, आणि उन्हाळ्यात याच पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांत बायका हंडे घेऊन झरे शोधत हिंडतात. नगर विरुद्ध मराठवाडा या भांडणात त्यांच्याविषयी कुणी अपशब्द काढत नाही. त्यांचं नावच कुणी काढत नाही. टीएमसीच्या सूत्रात त्यांच्या हंड्यांना रकाना नाही. उद्या कालव्याच्या बैठकीत या वाड्यांतलं कुणी दार ढकलून आत आलं आणि वरच्या पट्टीत बोलू लागलं, तर बहुधा पहिलं वाक्य ऐकू येईल: हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही. वाक्य अत्यंत सभ्य आहे, नियमाला धरून आहे. अशा वेळी अध्यक्षानं आवरायचं कुणाला, तर ते वाक्य बोलणाऱ्याला.