तह कोणाच्या नावाने?

परराज्याशी तह करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न कायद्याचा दिसला तरी मुळात राजधर्माचा आहे. मुलूख ही राज्यकर्त्याची मालमत्ता, की त्याच्या हवाली केलेली ठेव? ठेव असेल, तर स्वतःच्या अडचणीपायी ती गहाण टाकता येईल का? मराठी इतिहासात या प्रश्नाला तोंड फुटले ते रघुनाथराव पेशव्यांमुळे. त्यांचा वाडा नाशिकच्या गंगापूर रोडवर आनंदवल्लीला होता. गावाला नाव मिळाले ते त्यांच्या पत्नी आनंदीबाईंवरून. त्याच रस्त्याने पुढे गंगापूरला माधवराव आणि नारायणराव या दोन पेशव्यांच्या आई गोपिकाबाई येऊन राहिल्या होत्या. पेशव्यांच्या भाऊबंदकीची दोन्ही टोके अशी एका वाटेवर होती.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथरावांनी साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळवली, म्हणजे रिवाजाने ते पेशवे झाले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी मात्र त्यांना खुनाबद्दल दोषी धरले. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव जन्मले आणि तीच वस्त्रे काही आठवड्यांच्या त्या बाळासाठी आली. वस्त्रे दोघांकडेही होती, तेव्हा त्यांवरून निवाडा होणे शक्य नव्हते. बाळाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या बारभाईंचे बळ कारभारी आणि सरदार यांच्या संमतीत होते. ही संमतीही सर्वस्वी निःस्वार्थ नव्हती, पण तिच्या मागे पुण्याचा चालता कारभार उभा होता.

इंग्रजांचा आश्रय घेणे हाच रघुनाथरावांचा अधर्म, असे सर्रास म्हटले जाते. शास्त्र इतके सोवळे नाही. कौटिल्याने परराष्ट्रनीतीच्या सहा गुणांत ‘संश्रय’ धरला आहे. बाजूला टाकलेल्या राजपुत्राने धार्मिक वृत्तीच्या शेजारी राजाकडे जावे, असेही तो सुचवतो. मात्र मुंबईकर इंग्रज शेजारी राजे नव्हते. टोपीकर सावकारांमागे त्यांचे राजे उभे असतात, त्यांना किनाऱ्यावर ठाव देऊ नये, हा इशारा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आधीच दिलेला होता. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी फौजेच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. वसई १७३९ मध्ये त्यांचेच काका चिमाजी अप्पा यांनी पोर्तुगीजांकडून जिंकली होती. तीत सांडलेले रक्त शेकडो घरांतले होते. रघुनाथरावांचा दोष आश्रय घेण्यात नसून ही ठेव स्वतःच्या गादीसाठी मोजून देण्यात आहे.

गंमत म्हणजे समोरच्या पक्षालाही अधिकार नव्हता. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टनुसार कंपनीच्या कलकत्त्यातील वरिष्ठ सरकारच्या संमतीवाचून मुंबईने असा तह करायचा नव्हता. कलकत्त्याने तो नामंजूर केला, कर्नल अप्टनला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. तत्त्वनिष्ठा तेवढ्यापुरतीच होती, कारण साष्टी इंग्रजांनी सोडली नाही. मुंबईकरांनीही रघुनाथरावांना हाताशी ठेवले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकरांची फौज कोंडली गेली, तेव्हा तिथे कबूल केलेल्या अटी कलकत्त्याने पुन्हा अधिकाराच्याच मुद्द्यावर झिडकारल्या. अधिकाराची आठवण होते ती बहुधा तह अंगाशी आल्यावर. १७८२ च्या सालबाईच्या तहाने सवाई माधवरावांना पेशवे म्हणून मान्यता मिळाली, रघुनाथरावांना तनखा आणि इंग्रजांना साष्टी.

३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह सुरतेच्या तहाच्या उलट बाजूचा. तो करणारे दुसरे बाजीराव रघुनाथरावांचेच पुत्र, पण पेशवे म्हणून सर्वमान्य. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर ते इंग्रजांकडे पळाले होते. त्यांच्या सहीच्या अधिकाराबद्दल कोणालाच शंका घेता आली नाही. त्या सहीने इंग्रज फौज पेशव्यांच्या खर्चाने पदरी आली आणि यापुढे इतर राज्यांशी बोलणी करायची ती कंपनीच्या संमतीने, असे ठरले.