फिलिप्पाचा हिशेब आणि अंद्रियाची दृष्टी

मननासाठी शास्त्रभाग: योहान ६:५-११



आपल्या खेड्यांतील मंडळ्यांमध्ये बालसंघ व तरुणसंघ चालविणाऱ्या पुढाऱ्यांचे एक गाऱ्हाणे वारंवार कानी येते. मुलांस उत्तेजन द्यावेसे वाटते, पण बक्षिसांसाठी पैसा कोठून आणावा? मंडळीची थैली लहान. मंदिराच्या छपराची डागडुजी निघाली की ती रिकामी होते. ह्या प्रश्नाचे उत्तर आपण वरील शास्त्रभागात शोधू.

गालील समुद्रापलीकडे मोठा लोकसमुदाय भुकेला होता. प्रभूने फिलिप्पास विचारले, तेव्हा त्याने लागलीच हिशेब केला की दोनशे दिनारांच्या भाकरीही पुरणार नाहीत. दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती, हे मत्तय २०:२ वरून दिसते. फिलिप्पाचा हिशेब चुकीचा नव्हता, पण त्याने कोणाचेही पोट भरले नाही. अंद्रियाने मात्र एक मुलगा पाहिला, आणि त्याच्यापाशी काय आहे हेही पाहिले: जवाच्या पाच भाकरी व दोन मासळ्या. जव हे गोरगरिबांचे धान्य. इतक्यांस हे कसे पुरणार, अशी शंका अंद्रियालाही आली. तथापि त्याने तो मुलगा प्रभूच्या नजरेस आणून दिला. प्रभूने त्या मुलास काही बक्षीस दिल्याचे लिहिलेले नाही. त्याने ती शिदोरी हाती घेतली, उपकारस्तुती केली व तीच सर्वांस वाटली. मुलाला ह्याहून मोठा मान कोणता मिळावा?

प्रियहो, उत्तेजनाचा आरंभ पाहण्यापासून होतो, आणि पाहण्यास पैसा लागत नाही.

बक्षिसे वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. पूर्वी इंग्लंड-अमेरिकेतील शब्बाथ शाळांत वचने पाठ करणाऱ्या मुलांस चिठ्ठ्या देण्याची चाल होती. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन ह्यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या टॉम सॉयरच्या कथेत तिची थट्टा केली आहे. दोन हजार वचनांच्या चिठ्ठ्या जमल्या म्हणजे एक पवित्र शास्त्र मिळावयाचे. टॉम त्या चिठ्ठ्या इतर मुलांकडून अदलाबदलीने मिळवितो व सर्वांदेखत बक्षीस घेतो. मग पहिल्या दोन शिष्यांची नावे विचारताच तो दावीद आणि गल्याथ अशी सांगतो! चिठ्ठ्या मोजल्या आणि मूल पाहिले नाही, म्हणजे असे होते.

आपल्याकडील अडचण याहून दुःखाची आहे. कित्येक गावांतील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळा लागल्यावर परततात. पुष्कळांची मुलेही बरोबर जातात. वर्षअखेर हजेरीचे बक्षीस वाटले जाते, तेव्हा असे मूल मान खाली घालून बसते. कारखान्याच्या तळावर त्याने धाकट्या भावंडास दिवसदिवस सांभाळलेले असते, पण ते कोणत्याही हजेरीपटात लिहिलेले नसते. पुढे ते मूल संघात येईनासे होते, आणि दोष त्याच्याच माथी येतो.

म्हणून पुढाऱ्यांस आम्ही काही गोष्टी सुचवितो. एक वही ठेवा व प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचे एखादे चांगले कृत्य दर आठवड्यास एका ओळीत लिहा. महिनाअखेर ज्याच्या नावापुढे जागा कोरी राहिली, त्या मुलाकडे आपलेच लक्ष गेले नाही असे समजा. मंडळीपुढे बोलताना नेमके बोला; "हा चांगला मुलगा आहे" एवढेच नव्हे, तर "ह्याने डोळ्यांनी अधू असलेल्या आजींना हात धरून उपासनेस आणले" असे सांगा. मुलांवर काम सोपवा: घंटा वाजविणे, सतरंजी अंथरणे, शास्त्रपाठ वाचणे, अर्पणाची पिशवी फिरविणे. घरी जाऊन आईबापांस मुलाचा गुण सांगा, कारण शिक्षक दारी आले म्हणजे तक्रार घेऊनच आले, असे पुष्कळांस वाटते. ऊसतोडीस गेलेल्या मुलांसाठी नावे घेऊन प्रार्थना करा व तसे त्यांस फोनवर कळवा. ती परत आली म्हणजे त्यांनी तिकडे काय काय केले हे संघापुढे विचारा, आणि त्याचाही मान राखा.

अशाने मुले गर्विष्ठ होतील, अशी शंका कोणी घेईल. पौलाने करिंथकरांचा दोष स्पष्ट दाखविला. पण त्याआधी त्यांस मिळालेल्या कृपेबद्दल देवाचे उपकार मानले (१ करिंथ १:४-७). तीमथ्यास लिहिताना त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांचा विश्वास त्याने नावे घेऊन आठविला (२ तीमथ्य १:५). खुशामतीने मूल फुगते. पण देवाने आपल्या ठायी काय केले आहे हे कोणी ओळखून सांगितले, म्हणजे ते उपकार मानण्यास शिकते.

आपल्या मंडळीत असे कोणते मूल आहे, ज्याची शिदोरी अजून कोणी पाहिली नाही? येत्या रविवारी थैलीत हात घालण्यापूर्वी त्याचा शोध करा. ते पाहण्याची दृष्टी प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.