परमुलखातील बिऱ्हाड आणि धम्म

(श्रीरामपूर तालुक्यातील एका विहारात वर्षावासाच्या काळात दिलेले प्रवचन)



गेल्या पौर्णिमेस वंदना आटोपल्यावर हरेगावच्या बाजूची एक माता माझ्यापाशी येऊन बसली. या कुटुंबाने दोन वर्षांपूर्वीच धम्मदीक्षा घेतली आहे. मुलगा पुढील शिक्षणासाठी जर्मनीस निघाला आहे. तिने विचारले, "भाऊ, पोराच्या बॅगेत काय काय घालू?" मला वाटले, शेंगदाण्याच्या चटणीविषयी विचारते आहे. पण तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. मुलगा म्हणतो, बाबासाहेबांचा फोटो देऊ नकोस. खोलीत आपल्याच देशातली आणखी दोन मुले आहेत. ती काय म्हणतील? आणि आडनावही जाण्याआधी बदलून घेता आले तर बरे.

त्या मातेला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. आज देतो. आणि तुम्ही सर्वांनी ऐकावे, कारण दीक्षा घेतली त्या दिवशी तुम्हीही एक मुलूख सोडून दुसऱ्या मुलखात बिऱ्हाड मांडले आहे.

मुलूख सोडणे ही आपल्या लोकांना साधी गोष्ट नव्हती. १६ डिसेंबर १९३९ रोजी याच हरेगावात वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले होते. वतन म्हणजे काय, हे आज नातवंडांना सांगावे लागते. नावाला जमिनीचा तुकडा, आणि त्याच्या बदल्यात सगळ्या गावाची रात्रंदिवस राबणूक. सांगावा न्या, मेलेले ढोर ओढा, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावा. माणूस गावाला बांधलेला. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने कायद्याने रद्द झाली १९५८ साली. त्याच पट्ट्यातला मुलगा आज विमानाने चालला आहे. म्हणून कोणी म्हणाले, "पोरं आईबापाला टाकून परदेशी पळतात," तर मी म्हणतो, जाऊ द्या. जाता येणे हीच मिळवलेली गोष्ट आहे.

आता आडनावाची गोष्ट. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथून लंडनला गेले आणि १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास परत आले. बडोद्यात त्यांना राहण्यास जागा मिळेना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी स्वतः हे सांगितले आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. ती बडोद्याच्या स्टेशनावर पुन्हा उभी राहिली. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव धारण करून राहिले. वरच्या मजल्यावरची अंधारी, ओसाड जागा. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी ते कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

हे मी झाकून ठेवत नाही. बाबासाहेबांनाही एकदा दुसऱ्याच्या नावाआड राहावे लागले. पण ते दिवस कसे गेले, तेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. छपराखाली असूनही चित्त थाऱ्यावर नाही, कोण कधी ओळखील याचा नेम नाही. तुमचा मुलगा परदेशी जाऊन दोन-तीन वर्षे असे दिवस काढणार काय?

मी त्याला भित्रा म्हणणार नाही. या भीतीला कारण आहे. जात सामानाबरोबर विमानात चढते. अमेरिकेतील सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. तेथे जात पोहोचलीच नसती तर असा कायदा कशाला लागला असता? कॅलिफोर्नियात त्याच वर्षी विधिमंडळाने असे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते परत पाठवले. म्हणजे लढा तिकडेही चालू आहे.

पण जर्मनीत आडनाव लपवून चालतही नाही. तेथे पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीपाशी आडनावाची पट्टी लावावी लागते. पेटीवर नाव नसेल तर टपाल मिळत नाही, आणि बँकेची, विद्यापीठाची, सरकारी कचेरीची कितीतरी कामे अजून टपालानेच होतात. राहायला गेल्यावर कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्या अर्जात धर्माचाही रकाना असतो. चर्चचा कर कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्यासाठी तो असतो, बौद्धांना तो कर नाही. मुलाने तेथे बेधडक 'बौद्ध' लिहावे. १९५१ च्या जनगणनेत या देशात बौद्ध दोन लाखही नव्हते, १९६१ ला ते ३२ लाखांवर गेले. त्या वेळी एका रकान्यात एक शब्द लिहून घेण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी गावोगावच्या प्रगणकांशी हुज्जत घातली आहे.

मग खोलीतल्या सोबत्यांना पहिल्याच रात्री सगळे सांगावे काय? तशी सक्ती कोणी केलेली नाही. गप्प राहणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. चौथे शील खोटे बोलू नकोस म्हणते, दवंडी पीट असे म्हणत नाही. परके घर, परकी भाषा, अजून कोणाची ओळख नाही, अशा वेळी माणसाने आधी पाय रोवावेत. पण दुसरेच आडनाव सांगणे, दुसऱ्याच घराण्याच्या गोष्टी रचणे, हे सुरू झाले की एक खोटे टिकवायला दहा लागतात. फोटो पहिल्या आठवड्यात पेटीत राहिला तर बाबासाहेब रागावणार नाहीत. तो बॅगेत मात्र असला पाहिजे.

आता रोजच्या आचरणाचे. काही उपासक विचारतात, तिकडे विहार जवळ नाही, भिक्खू नाहीत, मग बौद्ध कसे राहायचे? याचे उत्तर विनयातच आहे. सोण कुटिकण्ण नावाचा तरुण अवंती देशी राहत होता. हा त्या काळच्या मध्यदेशाच्या दृष्टीने सीमेवरचा मुलूख. त्याला उपसंपदा घ्यायची होती, पण नियमाप्रमाणे लागणारे दहा भिक्खू जमवायला तीन वर्षे गेली. पुढे तो श्रावस्तीला भगवंतांच्या दर्शनास निघाला, तेव्हा त्याचे आचार्य महाकच्चायन यांनी त्याच्याबरोबर काही विनंत्या पाठवल्या. आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत. जमीन काळी, कठीण, गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे. लोकांना वारंवार स्नानाची सवय आहे. भगवंतांनी काय केले? सीमेवरच्या प्रदेशात पाच भिक्खूंचा संघ पुरेल, जाड तळव्याच्या वहाणा चालतील, वारंवार स्नान चालेल, अशी मुभा दिली. मुलूख बदलला तसा नियम सैल केला. शील मात्र एकही कमी केले नाही.

हे नीट ध्यानात घ्या, कारण आपली माणसे नेमके उलटे करतात. मेणबत्ती-उदबत्तीशिवाय वंदना होत नाही म्हणतात आणि पाचवे शील मात्र ऑफिसच्या पार्टीत विसरतात! तिकडे भाड्याच्या खोलीत धूर झाला तर छताला लावलेले यंत्र बोंबलू लागते आणि घरमालक नोटीस देतो. मेणबत्ती नको, उदबत्ती नको. हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हणावे, वंदना पूर्ण झाली. रविवारी तेथे शांतता पाळतात, तेव्हा भीमगीतेही हळू आवाजात लावावीत. १४ एप्रिल कामाच्या दिवशी आला तर जयंती पुढच्या सुटीला करावी. बर्लिनच्या फ्रोनाऊ भागात पॉल डाल्के या जर्मन डॉक्टरांनी १९२४ साली उभारलेले बौद्ध गृह आहे, श्रीलंकेचे भिक्खू तेथे राहत आले आहेत. सुटीला तेथे जावे. सिंहली उपासकांचे पाली उच्चार आपल्याहून थोडे वेगळे, पण त्रिशरण तेच. कोणी विचारले, "तुम्ही कधीपासून बौद्ध?" तर दोन वर्षांपासून, असे सरळ सांगावे.

सिगालाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. राजगृहाचा हा तरुण रोज सकाळी ओल्या कपड्यांनी सहा दिशांना हात जोडी. भगवंतांनी त्याला सांगितले की पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे आचार्य, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा नोकरचाकर आणि वरची श्रमण-ब्राह्मण. परमुलखात माणसाच्या या सगळ्या दिशा एकदम पुसल्या जातात. उगवतीला आई नाही, उत्तरेला मित्र नाही. त्या एकेक करून पुन्हा लावाव्या लागतात, आणि त्याला वर्ष लागते. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच अंधार पडतो तेव्हा मुलगा फोनवर रडला तर घाबरू नका. आणि "परत ये" असेही लगेच म्हणू नका.

पश्चिम दिशेविषयी जास्त सांगतो, कारण आपण तेथे कमी पडतो. जी मुले लग्न करून बायकोला तिकडे नेतात, त्यांची बायको दिवसभर चार भिंतींत असते. भाषा नाही, शेजारीण नाही, माहेर सात समुद्रांपलीकडे. पतीने पत्नीचा मान राखावा, तिला तुच्छ लेखू नये, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, असे सिगालाला सांगितले आहे. आजच्या भाषेत त्याचा अर्थ असा, की भाषेच्या वर्गाची पहिली फी तिची भरा, बँकेच्या खात्यात तिचे नाव घाला, आणि भाकरी स्वतः थापायला शिका. रमाईने परळच्या चाळीत काय सोसले ते आपण जयंतीला डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मग आपल्या सुनेला ते पुन्हा सोसायला लावू नका.

पैशाचेही त्याच उपदेशात आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एक उपभोगावा, दोन कामधंद्यात घालावेत, चौथा अडचणीसाठी राखावा. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच बँकेत भरून दाखवावी लागते आणि ती दरमहा थोडी थोडी हाती येते. या कुटुंबाने त्यासाठी कर्ज काढले आहे. तेव्हा पहिली दोन वर्षे मुलाने पाठवलेल्या पैशांवर गावात बंगल्याचा पाया खणू नका, वास्तूचा थाट करू नका, भावकीला दाखवायला गाडी घेऊ नका. कर्ज फेडा. ज्यांची मुले अजून शिकत आहेत त्यांनी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची चौकशी वेळेवर करावी. जाहिरात निघून गेल्यावर माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

त्या मुलाला परवा मी भेटलो. म्हटले, बाबासाहेबांनी १९२१ साली तुझ्याच त्या देशात, बॉनच्या विद्यापीठात नाव नोंदवले होते, ठाऊक आहे? त्याला ठाऊक नव्हते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग आईला म्हणाला, "बॅगेला तेवीस किलोच चालतात. चटणी थोडी कमी कर."

त्या मातेने फोटो आणि 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ कपड्यांच्या घडीत मधोमध ठेवला आहे. तिने मला आणखी एक विचारले, त्याच्या सकाळच्या वंदनेला इकडे किती वाजलेले असतील? त्याचे सकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. तिने ते दिनदर्शिकेवर लिहून घेतले, आणि त्या वेळी शेतावर असले तर बांधावर बसून म्हणेन, असे म्हणाली.