शिक्षा कोठे संपते?

तुरुंगाचा दरवाजा कैद्यामागे बंद होतो आणि तो मोकळ्या रस्त्यावर येतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्याची शिक्षा पुरी झालेली असते. परंतु तेथूनच दुसरी शिक्षा सुरू होते. तिला मुदत नाही, आणि ती सुनावणारा न्यायाधीशही कोणी एक नाही. घरमालक, मुकादम, सोयरे, शेजारी असे सारेच ती सुनावतात.

आम्ही सरकारी नोकर या दुसऱ्या शिक्षेच्या फार जवळ बसलेले आहोत. पूर्वी कधी अटक, खटला, शिक्षा झाली होती काय, हा प्रश्न नोकरीत शिरताना आम्हां सर्वांस विचारला गेला आहे. प्रश्न गैर नाही. तिजोरीच्या किल्ल्या कोणाच्या हाती जातात हे पाहिलेच पाहिजे. गैर आहे तो हा समज की, 'होय' असे उत्तर आले म्हणजे विचार करण्याचे काम संपले. २०१६ साली अवतारसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, तरुण वयातील किरकोळ गुन्हा कोणी लपविला असला तरी त्याकडे दुर्लक्ष करण्याचा विवेक नेमणूक करणाऱ्यास आहे. मात्र खरे सांगणाऱ्यासही नेमलेच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणजे निर्णय अखेर मेजामागील माणसाकडेच आला.

ज्याचे घर लुटले गेले त्याच्या दुःखाचे काय, असे कोणी विचारील. त्या दुःखाची भरपाई गुन्हेगाराच्या उपासमारीने होत नाही. उलट, ज्यास कोणी काम देत नाही त्यास जुने सोबती तेवढे जवळ करतात. विश्वास हा हक्काने मागता येत नाही, हे खरे. पण तो मिळविण्याची संधी तरी हवी. पाण्यात पडल्यावाचून पोहता येत नाही.

औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले व कैद्यांच्या हाती शेती दिली. 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगातून स्फुरला. राजस्थानात सांगानेरच्या खुल्या बंदिगृहात कैदी कुटुंबासह राहतात, बाहेर कामास जातात आणि हजेरीस परततात. तेथे विश्वास सुधारणेचे बक्षीस म्हणून मागाहून मिळत नाही. तो आधी दिला जातो आणि सुधारणा त्याच्या आधाराने होते.

परमुलखात राहणाऱ्या आम्हांस हे कळावयास अवघड नसावे. अनोळखी गावी खोली मिळते ती कोणीतरी आपल्यासाठी शब्द टाकतो म्हणून. सुटून आलेल्या माणसापाशी नेमका तो शब्द टाकणारा नसतो. शासन त्यास मोकळा करू शकते. त्याच्यासाठी शब्द टाकणे हे मात्र आमचे काम आहे.